बर्फाच्या शिखरावरचं शेवाळ

फर्निचरच्या बंद पडलेल्या शोरूमसमोर सकाळपासून रांग लागली होती. शोरूम चालू असताना एवढी माणसं आली असती तर ते बंद पडलंच नसतं. पण तेव्हा आत नुसते सोफे होते. आता सोफ्यावर हिरवेबाबा होते.

सोफ्याचं प्लॅस्टिक अजून कुणी काढलेलं नव्हतं. बाबा समाधीत जरा हलले की चर्र असा आवाज यायचा आणि पहिल्या ओळीतले लोक माना खाली घालायचे. मागच्या ओळीतल्यांना तो आवाज ऐकू यायचा नाही, म्हणून पुढे जागा मिळवण्यासाठी ढकलाढकली चालायची.

चमत्कार असा होता. खोकल्याचा, दम्याचा, छातीच्या कुठल्याही तक्रारीचा माणूस समोर बसायचा. बाबा डब्यातून शेवाळाचा एक पुंजका काढायचे. तपकिरी, कडक, मेलेला. चहा गाळून खिडकीत विसरलेल्या चोथ्यासारखा. माणसाने त्यावर फुंकर घालायची. बाबा तो पुंजका मुठीत घ्यायचे, डोळे मिटायचे, फ्रिजसारखा घूंऽऽ असा आवाज काढायचे. मूठ उघडली की पुंजका हिरवागार. पानं पसरलेली, टवटवीत, आत्ता उगवल्यासारखी.

"उतरला," बाबा म्हणायचे. "रोग यात उतरला."

आपल्या छातीतला रोग इतका सुंदर दिसतो, हे बघून माणूस पेटीत काहीतरी टाकूनच उठायचा.

"बाबा, हे शेवाळ कुठलं?" कुणीतरी रोज विचारायचं, कारण उत्तर ऐकायला मजा यायची.

"बर्फाच्या शिखरावरचं, बाळा. पक्षीसुद्धा जिथून दमून परत फिरतो. माणसाचा श्वास, गाडीचा धूर, चुलीचा धूर, काही काही पोचलेलं नाही. एकदम कोरी हवा. मी तिथे मनोवेगाने जातो."

"पण परवा तुम्ही बसमधून उतरताना दिसलात."

"येताना बसच. मनोवेगाला सामान चालत नाही."

यावर लोक हसायचे नाहीत. लोकांना ते पटायचं. सामानाचा त्रास सगळ्यांनीच भोगलेला असतो.

आमची लॉंड्री शोरूमच्या अगदी समोर. बाबांचे झगे आमच्याकडेच यायचे, त्यामुळे अध्यात्माशी माझा संबंध कपड्यांपुरता का होईना, पण जवळचा होता. मशीनमध्ये टाकण्याआधी प्रत्येक खिसा तपासायचा आणि सापडलेली वस्तू परत द्यायची, हा आमच्या लॉंड्रीचा नियम. बाबांच्या प्रत्येक झग्यात उजव्या बाहीच्या आत, मनगटापाशी, रबराचं अस्तर लावलेला एक छोटा खिसा होता. त्यात स्पंज. मला वाटलं, बिचाऱ्यांना घाम फार येतो. मी स्पंज धुवायचो, पिळायचो, वाळवायचो आणि 'सापडलेली वस्तू' अशी चिठ्ठी लावून पिनेने बाहीला अडकवून परत पाठवायचो. बाबांनी कधी आभार मानले नाहीत. मोठ्या माणसांचं असंच असतं, असं मी स्वतःला समजावलं.

एरवी मला या प्रकाराची गंमतच वाटत राहिली असती. पण एके दिवशी रांगेत काका दिसले.

माझे काका निवृत्त बस-ड्रायव्हर. आयुष्यभर धुरात बसले आणि निवृत्तीनंतर दमा घेऊन आमच्या लॉंड्रीच्या गल्ल्यावर. त्यांच्या खिशात नेहमी पंप असायचा. धाप लागली की दोन दाब, मग पुन्हा गिऱ्हाइकाशी वाद. बाबांकडून आले तेव्हा त्यांनी तो पंप सुट्या बटणांच्या खणात टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली.

"हे काय?" काकूने विचारलं.

"पंप आणि शेवाळ एका छपराखाली नांदत नाहीत. बाबांनी सांगितलंय. पंपातल्या औषधाने शेवाळाला राग येतो."

"शेवाळाला?"

"हो."

"आणि तुम्हाला धाप लागली तर मला राग येतो, त्याचं काय?"

"तू बर्फाच्या शिखरावरची नाहीस," काका म्हणाले. त्यांच्या संसारातला हा बहुधा पहिलाच विनोद, आणि काकूला तो अजिबात आवडला नाही.

त्यानंतर काका बरे दिसू लागले, हीच खरी पंचाईत. रोज दुपारी शोरूममध्ये जाऊन बसायचे आणि ताजेतवाने होऊन परत यायचे. लॉंड्रीत बसले की तासाभरात पुन्हा छाती शिट्टी वाजवायची. "बाबांपासून लांब आलं की असं होतं," ते म्हणायचे, आणि उद्या आणखी लवकर जायचं ठरवायचे.

लॉंड्रीला तीन पायऱ्या आहेत. एका दुपारी काका दुसऱ्या पायरीवर थांबले आणि दरांचा फलक वाचू लागले. शर्ट, पॅंट, साडी, ब्लॅंकेट. सगळं वाचून झाल्यावर पुन्हा शर्टपासून. तो फलक त्यांनी स्वतः रंगवलेला आहे. काकू काउंटरमागे उभी राहून त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्या हातातली इस्त्री एका पांढऱ्या शर्टावर तशीच टेकलेली होती. त्या शर्टाची आम्ही नंतर भरपाई केली. मी ताईला फोन केला.

ताई म्हणजे माझी सख्खी बहीण. ती शेवाळाचा अभ्यास करते. घरातलं कुणी हे बाहेर फारसं सांगत नाही. "पोरगी एवढं शिकली आणि आता भिंती खाजवते," असं काका कौतुकाने म्हणायचे. म्हणजे ते कौतुक आहे असं आम्ही धरून चाललो होतो. आमच्या रस्त्यावरही ती येऊन गेली होती. रस्त्याच्या टोकाला पोल्ट्री आहे. तिथून सुरुवात करून दूर शाळेच्या भिंतीपर्यंत, थोड्या थोड्या अंतरावर, लोकांची परवानगी घेऊन तिने शेवाळ खरवडून पाकिटांत भरलं होतं.

ताई आली. मी चहा दिला आणि सगळी हकिगत सांगितली. बाबांना घाम फार येतो, बाहीत स्पंज असतो, हेही ओघात सांगितलं. ताईने चहाचा घोट घेतला होता. तो निम्मा माझ्या अंगावर आला.

"तू तो स्पंज धुऊन परत देतोस?"

"नियम आहे."

तिने पिशवीतून एक पाकीट काढलं. आत तसलाच तपकिरी, कडक पुंजका. तो बशीत ठेवला, पेल्यातलं पाणी वर शिंपडलं. मी बघत होतो. पानं एकेक करून उलगडली, पसरली, आणि बिस्किट संपायच्या आत बशीत हिरवी गादी तयार.

"शेवाळ सुकलं म्हणजे मेलं नाही," ताई म्हणाली. "पाणी नसेल तेव्हा अंग आक्रसून पडून राहतं. पाणी मिळालं की उठतं. नळाचं चालतं, पावसाचं चालतं, तुझ्या बाबाच्या बाहीतलंही चालतं."

आम्ही तोच प्रयोग काकांना दाखवला. काकांनी तो शांतपणे पाहिला. बस मागे घेताना आरशात बघावं तसं.

"झालं?" ते म्हणाले. "पाण्याने हिरवं होतं. बरं. पण माझा रोग त्यात उतरला नाही, हे पाण्याने सिद्ध होतं का? तुझं शेवाळ भिंतीवरचं. बाबांचं कोऱ्या हवेतलं. खरी ताकद त्या हवेची आहे. आणि मला तिथे बरं वाटतं, त्याचं काय? मी खोटं बोलतोय?"

"नाही काका," ताई म्हणाली. "बरं वाटतं हे खरंच असणार."

काकांना वादाची तयारी होती, सहमतीची नव्हती. ते जरा गोंधळले.

"तुमच्याकडे बाबांनी दिलेलं शेवाळ आहे ना? त्यातलं चिमूटभर द्या मला. तपासते."

"घे की." उशाखालची डबी काढून काकांनी मोठ्या मनाने दिली. "तुमच्या यंत्राचंही कल्याण होईल."

ताई डबी घेऊन गेली. मधल्या दिवसांत काका फलक वाचतच होते. आता ते पहिल्या पायरीवरूनच सुरुवात करायचे.

ती परत आली तेव्हा शोरूममध्ये काकांची बैठक चालू होती. गर्दी नेहमीसारखी. पहिल्या ओळीत पोल्ट्रीवाले बसले होते. स्वभावाने मोकळे, आवाजाने त्याहून मोकळे. काकू दाराशी. मी बाबांचा धुतलेला झगा हँगरवर घेऊन ताईच्या मागे.

काकांनी फुंकर घालायला छाती भरली, तेवढ्यात मी पुढे झालो.

"बाबा, माफ करा. तुमच्या झग्याची उजवी बाही ओली आहे."

"असू दे, बाळा."

"असू कशी दे? गिऱ्हाईक ओल्या कपड्यात बसलं तर आमच्या लॉंड्रीचं नाव खराब होतं. हा कोरडा आणलाय. इस्त्री गरम आहे अजून."

"खरंच ओली आहे हो," पोल्ट्रीवाले वाकून बघत म्हणाले. "बाबा, सर्दी होईल. बदला बदला."

एवढी माणसं आपल्या तब्येतीची काळजी करत असताना कोणता संत नाही म्हणेल? बाबांनी पडद्यामागे जाऊन झगा बदलला; ओला झगा मी पडद्याआडून हात घालून, आतल्या स्पंजसकट, लगेच काढून घेतला. बाहेर आले तेव्हा उजव्या मनगटावर, पिनेला, एक गुलाबी स्पंज लोंबत होता. त्यावर माझ्या अक्षरात 'सापडलेली वस्तू'.

बाबांनी तो काढला आणि खाली टाकला. काकांनी फुंकर घातली. बाबांनी पुंजका मुठीत घेतला, डोळे मिटले, घूंऽऽ केलं. मूठ उघडली.

चोथा तो चोथाच.

पुन्हा मूठ. या वेळचं घूंऽऽ जुन्या फ्रिजचं वाटलं. सोफा चर्र, चर्र करत होता. मूठ उघडली. चोथाच. फक्त थोडा चुरा झालेला.

"आज वातावरणात अविश्वास आहे," बाबा म्हणाले. "शेवाळ लाजतंय."

"मग मी त्याची समजूत काढते," ताई म्हणाली. तिने बाबांच्या डब्यातला दुसरा पुंजका पिशवीतून आणलेल्या बशीत ठेवला आणि माझ्याकडे वळली. "मंत्र म्हण."

माझ्याकडे मंत्र नव्हता. खिशात आमच्या नव्या वॉशिंग मशीनच्या वॉरंटीचा कागद होता. मी तो गंभीर आवाजात वाचू लागलो. "सदर वॉरंटी उंदरांनी कुरतडलेल्या पाइपास लागू नाही. सदर वॉरंटी विजेच्या दाबातील चढउतारास लागू नाही." ताईने बाटलीतलं पाणी शिंपडलं. 'अधिकृत प्रतिनिधीशी संपर्क साधावा' इथपर्यंत मी पोचलो, तोवर बशी हिरवीगार झाली होती.

मागच्या ओळीतून कुणीतरी वॉरंटी किती वर्षांची आहे, असं विचारलं.

बाबा मात्र कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला, गर्दीकडे पाहून दुःखी हसले.

"पाणी हे वाहन आहे, बाळांनो. मी कधी नाही म्हटलं? पण वाहनात बसलंय कोण, ते बघा. हे शेवाळ कोऱ्या हवेचं आहे. ताकद तिथे आहे."

"मी हेच म्हणत होतो," काका म्हणाले. ते वाक्य पूर्ण करायला त्यांना मध्ये दोनदा थांबावं लागलं. काकू दारातून दोन पावलं आत आली.

ताई काकांच्या शेजारी जमिनीवर बसली. बोलली मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"शेवाळाला मुळं नसतात. म्हणजे झाडासारखी, जमिनीतून जेवण ओढणारी. ते खातं ते पावसातून आणि हवेतून. हवेत जे असेल ते त्याच्या अंगात साठतं. गाड्यांचा धूर, खत, जनावरांची घाण यांतून नायट्रोजनचे वायू हवेत जातात, शेवाळ ते खातं. काही जाती त्याने मरतात, काही खाऊन खाऊन माजतात. म्हणून आम्ही भिंती खाजवतो, काका. हवा मोजणारं यंत्र प्रत्येक कोपऱ्यावर बसवणं परवडत नाही. शेवाळ आधीच बसलेलं असतं, आणि ते कुणाची भीड ठेवत नाही."

"मुद्द्यावर ये," काका म्हणाले.

"कोऱ्या हवेतलं शेवाळ उपाशी असतं. शंभर ग्रॅम सुकं शेवाळ घेतलं, तर त्यात जेमतेम एक ग्रॅम नायट्रोजन. शाळेच्या भिंतीवर मला साधारण तेवढाच मिळाला. तुमच्या डबीतल्या शेवाळात तीनाच्या वर आहे."

"म्हणजे जास्त शक्ती," बाबा लगेच म्हणाले.

"म्हणजे जास्त घाण. हे कुठून आणलंत ते मला माहीत नाही. पण बर्फाच्या शिखरावर कोरी हवा असेल, तर हे तिथलं नाही. जिथलं आहे तिथल्या हवेत कुणीतरी दिवसरात्र नायट्रोजन सोडतंय. माझ्याकडे या रस्त्यावरच्या एकाच भिंतीचा आकडा एवढा आहे."

"कुठली हो भिंत?" पोल्ट्रीवाल्यांनी उत्सुकतेने विचारलं.

"तुमची. मागची. पंख्यांच्या खालची."

पोल्ट्रीवाल्यांनी मांडीवर थाप मारली. "अहो, मग बरोबर आहे की. बाबा दर आठवड्याला येतात तिथे, पत्र्याचा डबा घेऊन. खरवडतात आणि जातात."

शोरूममध्ये एवढी शांतता झाली की सोफ्याचा चर्र मागच्या ओळीतही ऐकू गेला.

"तुम्ही विचारलं नाहीत कधी, कशाला नेता म्हणून?" ताई म्हणाली.

"विचारायचं काय? तुम्हीच नाही का परवानगी मागून गेलात, शेवाळ न्यायला माणूस पुन्हा येईल म्हणून? मला वाटलं हाच तो तुमचा माणूस. झगा बघून वाटलं, शास्त्रज्ञ असतील. मी चहा पण पाजला दोनदा. बाबा, खरं की नाही?"

बाबा सोफ्यावरून उठले. मनोवेगाने निघायची वेळ झाली असावी. पण पेटी जड होती, आणि मनोवेगाला सामान चालत नाही. ते पेटी सोडून मागच्या दाराने गेले. पेटीतलं ज्याचं त्याला परत देताना पुढे जी भांडणं झाली, त्यांना चमत्कार म्हणायला माझी हरकत नाही. कारण जेवढे पैसे पेटीत होते त्याच्या तिप्पट आपण टाकले, असं लोक शपथेवर सांगत होते.

त्या क्षणी मात्र सगळे हसत होते, आणि सर्वांत मोठ्याने पोल्ट्रीवाले. "कोंबड्यांच्या मागचं शेवाळ," ते डोळे पुसत म्हणाले, "आणि लोक उशाखाली घेऊन झोपतात."

मग त्यांच्या लक्षात आलं की ताई हसत नाहीये.

"भिंतीवरचं शेवाळ तीन ग्रॅम खातंय," ती म्हणाली. "त्याच हवेत तुमचे पंखे रस्त्याकडे तोंड करून आहेत. कोंबड्यांच्या घाणीतून निघणारा अमोनिया, म्हणजे तोच नायट्रोजनचा वायू, आधी आमच्या लॉंड्रीत येतो."

पोल्ट्रीवाल्यांचं हसू हळूहळू, टप्प्याटप्प्याने, थांबलं. ते काकांकडे बघू लागले. "म्हणजे यांचा दमा..."

"दमा तुमच्या कोंबड्यांनी दिला, असं मी म्हणणार नाही. तो जुना आहे. पण दम्याच्या माणसाला अमोनियाचा त्रास होतो, एवढं डॉक्टरही सांगतील."

"पण मला इथे बरं वाटायचं," काका म्हणाले. आता त्यांचा आवाज वादाचा नव्हता. खरंच कळून घ्यायचं होतं. "इथे आलो की छाती मोकळी व्हायची. ते खोटं होतं?"

ताईने भिंतीकडे बोट केलं. शोरूमला आख्ख्या काचा, एकही खिडकी उघडणारी नाही. "वास येतोय का इथे कोंबड्यांचा?"

काकांनी हुंगून पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच हुंगून पाहिलं. वास नव्हता.

"तुम्ही रोज दुपारी रस्त्यावरच्या त्यातल्या त्यात चांगल्या हवेत बसत होतात, काका. शेवाळ मुठीत नसतं तरी बरं वाटलं असतं. तुमच्या छातीने तुम्हाला खरं तेच सांगितलं. श्रेय तेवढं भलत्याने घेतलं."

 काकांनी गळ्यातली साखळी काढायला घेतली, पण ती कॉलरमध्ये अडकली. काकूने ती काढली, रस्ता ओलांडला, आणि बटणांचा खण उघडल्याचा आवाज आम्हाला इथपर्यंत आला. पंप घेऊन ती आली तेव्हा त्याच्या तोंडाशी एक निळं बटण अडकलं होतं. तिने ते फुंकून काढलं.

"घ्या," ती म्हणाली. "आणि शेवाळाला राग आला तर माझ्याकडे पाठवा."

काकांनी दोन दाब घेतले. डोळे मिटून बसले. गर्दीतलं कुणी हललं नाही. जरा वेळाने त्यांच्या छातीतली शिट्टी बारीक होत गेली, आणि ते उठून दाराशी गेले. रस्ता ओलांडून तीन पायऱ्या चढले. फलक न वाचता. दुसऱ्या दिवशी काकू त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली, आणि डॉक्टर जे बोलले ते ऐकल्यावर काकांनी बाबांपेक्षा डॉक्टर जास्त रागावतात, अशी तक्रार केली.

पोल्ट्रीवाल्यांनी पंखे रस्त्याकडून फिरवले. दुसऱ्या बाजूला त्यांचंच घर आहे, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी घाण रोज काढायला आणि झाकून ठेवायलाही सुरुवात केली. त्याचा कितपत उपयोग झाला ते पुढच्या पाकिटांत कळेल. ताई म्हणते, शेवाळाला घाई नसते. आता ती आली की काका स्वतः खुर्ची घेऊन तिच्यासोबत भिंतीपाशी बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकून सांगतात, "पुतणी आहे माझी. भिंती खाजवते." हे कौतुकच आहे, अशी आता आमची खात्री आहे.

एक स्पंज मात्र अजून आमच्या काउंटरवर पडून आहे. कुणी न्यायला येत नाही. गिऱ्हाइकांनी विचारलं की मी एवढंच सांगतो: कुणी तुमच्यासमोर मेलेलं जिवंत करून दाखवलं, तर जरूर बघा, मजा असते. पण बघून झाल्यावर म्हणा, बाही वर करा. आणि मंत्राशिवाय हे होतं का, एकदा घरी करून पाहा. बशी आणि पाणी सगळ्यांकडे असतं. तोपर्यंत डॉक्टरने दिलेला पंप बटणांत टाकू नका. धाप लागली की कुलपाची किल्ली फार लांब वाटते.